न किडलेल्या दातावरचा खर्च: कधी वसूल होतो, कधी नाही

मूल सहा वर्षांचं झालं की त्याच्या तोंडात एक घटना गुपचूप घडते. दुधाचा एकही दात न पडता, सगळ्यात मागच्या दुधाच्या दाढेच्या पाठीमागून एक नवी दाढ वर यायला लागते. आधी काही पडलं नाही, म्हणून ही दुधाचीच असेल, पुढे पडून जाईल, असं बऱ्याच आईबाबांना वाटतं. पण ती कायमची असते. पुढची साठ-सत्तर वर्षं चावण्याचं काम तिच्यावर असतं, आणि कायमच्या दातांमध्ये कीड लागते तीही बहुतेक वेळा आधी तिलाच.

तिच्या माथ्यावर ज्या खाचा असतात, त्यांतल्या कित्येक ब्रशच्या एका केसापेक्षाही अरुंद असतात. शिवाय हिरडीतून डोकं काढल्यापासून समोरच्या दाढेला टेकेपर्यंत तिला वर्षभर, कधी त्याहून जास्त काळ लागतो. तेवढा काळ ती शेजारच्या दातांपेक्षा खाली असते आणि ब्रश तिच्या डोक्यावरून निघून जातो. म्हणून दातांचे डॉक्टर सुचवतात, 'सीलंट लावून खाचा बुजवून घ्या', किंवा 'दर सहा महिन्यांनी फ्लोराइडचं व्हार्निश (दातांवर लावायचा लेप) लावून घ्या'. दाढ तर धडधाकट दिसत असते. मग न किडलेल्या दातावर पैसे का घालायचे, असा विचार मनात येतो आणि तो बोलून दाखवायचा संकोच वाटतो.

प्रश्न अगदी रास्त आहे. जगभरच्या आरोग्यखात्यांना तो पडतो आणि त्याचं उत्तर शोधायची एक पद्धतही ठरलेली आहे. 'उपचारापेक्षा प्रतिबंध बरा' हे आपण लहानपणापासून ऐकतो. दुखणं टाळण्याच्या दृष्टीने ते खरंच आहे. पैशांच्या दृष्टीने मात्र ते कधी खरं असतं, कधी नसतं. आणि कधी खरं, हे कशावर ठरतं तेच मला इथे उलगडून सांगायचं आहे.

कीड म्हणजे भोक नव्हे

तोंडातले जीवाणू साखर खातात आणि आम्ल तयार करतात. दातावरच्या थरात पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त) सुमारे ५.५ च्या खाली गेला की दाताच्या कवचातली खनिजं विरघळायला लागतात. मग लाळ ते आम्ल निवळवते आणि खनिजं परत दातात बसतात. ही देवघेव दिवसभर चालू असते. जाणं जास्त आणि येणं कमी असं महिनोन्‌महिने चाललं की आधी एक पांढुरका डाग दिसतो, आणि भोक पडतं ते खूप नंतर. फ्लोराइड असलं की परत बसणारं खनिज आधीपेक्षा टणक असतं, ते विरघळायला पीएच साधारण ४.५ पर्यंत उतरावा लागतो.

हिशोबाच्या दृष्टीने यातली मोलाची गोष्ट म्हणजे वेळ. पांढऱ्या डागापासून भोक पडेपर्यंत बहुधा महिने, अनेकदा वर्षं जातात आणि तोवर गाडी मागे फिरवता येते. मागे फिरवण्याचा खर्च थोडा असतो. भोक पडल्यावर मात्र दात स्वतःहून भरून येत नाही.

भरलेला दात म्हणजे सुटलेला प्रश्न, असंही नसतं. माझी एक दाढ आतापर्यंत तीनदा भरून झाली आहे आणि दर वेळी आधीच्यापेक्षा मोठं फिलिंग बसलं. हे माझ्या एकटीचं दुर्दैव नाही. फिलिंगला आयुष्य असतं. ते झिजतं, कडेने सुटतं, खाली पुन्हा कीड लागते. बदलताना थोडा चांगला दातही कोरावा लागतो. मोठ्या फिलिंगनंतर रूट कॅनाल, मग कॅप, शेवटी दात काढणं आणि त्या जागी कृत्रिम दात, अशी ती वाट उतरत जाते. त्यामुळे सात वर्षांच्या मुलाच्या दाढेतलं पहिलं भोक टाळलं, तर एका फिलिंगचे पैसे वाचतातच, शिवाय त्या सगळ्या वाटेवरचा खर्च टळतो किंवा पुष्कळ पुढे ढकलला जातो.

म्हणूनच कुठलाही अभ्यास वाचताना आधी पाहावं, की हिशोब किती वर्षांचा मांडला आहे. दोन वर्षांचा मांडला तर प्रतिबंध महाग दिसतो आणि चाळीस वर्षांचा मांडला तर स्वस्त. दुसऱ्या बाजूला एक काटछाटही होते. वीस वर्षांनी लागणारा पैसा आजच्या पैशाइतका जड नसतो, म्हणून अर्थतज्ज्ञ पुढच्या खर्चाची किंमत दरवर्षी थोडी कमी धरतात. ब्रिटनमध्ये आरोग्याच्या हिशोबात हा दर वर्षाला ३.५ टक्के असतो. त्या दराने वीस वर्षांनी वाचणारे १०० आज जेमतेम ५० च्या मोलाचे ठरतात. प्रतिबंधाचा फायदा उशिरा मिळतो, त्यामुळे ही कात्री त्यालाच जास्त लागते.

उपाय तोच, मुलं वेगळी

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. तो समजावा म्हणून एक लुटुपुटीचं गणित घेऊ. आकडे मी सोयीसाठी घेतले आहेत.

शंभर मुलांचा एक गट आहे. काहीच केलं नाही तर तीन वर्षांत त्यातल्या ४२ जणांची दाढ किडेल. दुसऱ्याही गटात शंभर मुलं, पण तिथे फक्त ६ जणांची किडेल. दोन्हीकडे एकच उपाय केला, त्याने कीड एक तृतीयांशाने कमी होते आणि तीन वर्षांचा खर्च दर मुलामागे १५ येतो. म्हणजे दोन्ही गटांत खर्च १,५०० झाला. पहिल्या गटात १४ दाढा वाचल्या, दर दाढेमागे साधारण १०७. दुसऱ्यात वाचल्या २, दर दाढेमागे ७५०. एक दाढ भरायला १०० लागत असतील, तर पहिल्या गटात पैसे जवळजवळ लगेच फिटतात आणि पुढचं दुरुस्तीचं चक्र धरलं तर फायदाच होतो. दुसऱ्या गटात १०० वाचवायला आपण ७५० मोजले.

औषध तेच, हात तेच, टक्केवारीही तीच. फरक पडला तो त्या मुलांना मुळात किती कीड लागणार होती याने. खर्चाची परिणामकारकता हा जड शब्द वापरतात त्याचा गाभा एवढाच: एक कीड टळायला एकूण किती पैसे पडले, आणि ज्यांना काही होणारच नव्हतं त्यांच्यावर त्यातले किती गेले.

म्हणून टक्केवारी ऐकून हुरळून जाऊ नये. वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१३ च्या आढाव्यात फ्लोराइड व्हार्निशने कायमच्या दातांवरची कीड सरासरी ४३ टक्क्यांनी आणि दुधाच्या दातांवरची ३७ टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसतं. त्याच संस्थेच्या २००३ च्या आढाव्यात फ्लोराइडच्या टूथपेस्टचा आकडा २४ टक्के होता. वरवर पाहता व्हार्निश दुपटीच्या जवळ. पण हिशोबात टूथपेस्ट कितीतरी पुढे जाते. घरोघरी दात घासले जातातच, पेस्टमध्ये फ्लोराइड असल्याने जो जादा खर्च होतो तो नगण्य असतो, आणि दिवसातून दोनदा, आयुष्यभर ती काम करते. व्हार्निशला माणूस लागतो, भेट लागते, आणि त्याचा फायदा मोजायचा तो पेस्टने आधीच जे साधलं आहे त्याच्यावरचा.

उत्तर आयर्लंडमधल्या एका चाचणीने हे फार स्पष्ट दाखवलं. तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले. दोन-तीन वर्षांची, एकही दात न किडलेली १,२४८ मुलं घेतली. एका गटाला दर सहा महिन्यांनी व्हार्निश, फ्लोराइडची पेस्ट, ब्रश आणि सल्ला. दुसऱ्याला नुसता सल्ला. तीन वर्षांनंतर पहिल्या गटातल्या ३४ टक्के मुलांचे दात किडले होते, दुसऱ्यातल्या ३९ टक्के. हा फरक योगायोगाचाही असू शकतो इतका लहान होता. ज्यांना कीड लागली त्यांच्यात मात्र ती कमी जागी दिसली: सरासरी ९.६ ऐवजी ७.२ पृष्ठभाग. दाताचा एक पृष्ठभाग वाचवायला २५१ पौंड पडले. दुधाच्या दाताच्या एका बाजूसाठी! मला हा अभ्यास मोलाचा वाटतो, कारण प्रतिबंध म्हटला की डोळे मिटून खर्च करावा, या समजाला त्याने पुराव्यानिशी थांबवलं.

सीलंट की व्हार्निश

सीलंट म्हणजे दाढेच्या खाचांत ओतून घट्ट केलेला पातळ प्लास्टिकसारखा थर. खाच बंद झाली की जीवाणूंना अन्न मिळत नाही. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या मते सीलंट मागच्या दातांतली ८० टक्के कीड दोन वर्षं रोखतं आणि चार वर्षांपर्यंत निम्मी. जिथे कीड जास्त आहे अशा शाळांत जाऊन सीलंट लावले तर दर दाढेमागे उपचाराचे ११ डॉलरपेक्षा जास्त वाचतात, असाही तिथला हिशोब आहे.

मग सीलंटच लावावं का? साउथ वेल्समध्ये नेमका हाच प्रश्न घेऊन सहा-सात वर्षांच्या १,०१५ मुलांवर तीन वर्षं चाचणी झाली. निम्म्यांना सीलंट, निम्म्यांना दर सहा महिन्यांनी व्हार्निश. शेवटी सीलंटच्या गटात १९.६ टक्के मुलांच्या दाढा आतपर्यंत किडल्या, व्हार्निशच्या गटात १७.५ टक्के. म्हणजे परिणाम सारखाच. खर्च मात्र व्हार्निशचा दर मुलामागे ६८ पौंडांनी कमी.

हा फरक येतो कुठून, तर कामाच्या पद्धतीतून. सीलंट बसायला दाढ पूर्ण कोरडी लागते. सहा वर्षांच्या मुलाच्या तोंडात, जिभेच्या मुळाशी, लाळ येऊ न देता ती कोरडी ठेवणं हे कौशल्याचं आणि वेळेचं काम आहे. त्यासाठी खुर्ची, दिवा, शोषनळी आणि अनेकदा मदतनीसही लागतो. पुढे ते निघालं तर नाही ना, हेही पाहावं लागतं. व्हार्निश मात्र छोट्या ब्रशने दोन मिनिटांत लागतं. याची दुसरी बाजू म्हणजे व्हार्निश पुन्हापुन्हा लावावं लागतं. मूल दर सहा महिन्यांनी भेटणार असेल, तर व्हार्निश परवडतं. एकदाच भेटणार असेल आणि पुन्हा कधी येईल याची खात्री नसेल, तर एकदा बसून काही वर्षं टिकणारं सीलंट शहाणपणाचं. म्हणून यात जिंकलं कोण, हे विचारण्यापेक्षा ते मूल पुन्हा येईल का, हे विचारलेलं बरं.

हाच विचार पुढे नेणारं एक औषध अलीकडे पुढे आलं आहे, सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड. जपानमध्ये ते १९७० पासून मान्य आहे. थेंबभर द्रव किडलेल्या जागी लावला की बहुतेक ठिकाणी कीड तिथेच थांबते. सुई नको, कोरणं नको. किडलेली जागा मात्र कायमची काळी पडते, आणि पुढच्या दातांवर हे अनेकांना नको असतं. न्यूयॉर्कच्या शाळांमधल्या एका मोठ्या अभ्यासात हे औषध कीड टाळण्यात सीलंटपेक्षा उणं ठरलं नाही, आणि परिचारिकांनी लावलं तरी चाललं. खर्चाच्या बाजूने ही फार मोठी गोष्ट आहे. प्रतिबंधाच्या खर्चात औषधाचा वाटा छोटा असतो, मोठा वाटा ते लावणाऱ्याच्या वेळेचा. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आवश्यक औषधांच्या यादीत हे औषध घेतलं, फ्लोराइडची टूथपेस्टही घेतली.

डॉक्टरांशिवाय

सगळ्यात जास्त परतावा देणारं उदाहरण दवाखान्यातलं नाहीच. स्कॉटलंडने बालवाड्यांमध्ये रोज शिक्षकांच्या देखरेखीखाली मुलांना दात घासायला लावले. फ्लोराइडची पेस्ट, प्रत्येकाचा वेगळा ब्रश, बस्स. वर्षाचा खर्च सुमारे १८ लाख पौंड. पाच वर्षांच्या मुलांच्या दातांच्या उपचारांचा अंदाजे खर्च २००१-०२ मध्ये सुमारे ८८ लाख पौंड होता, तो २००९-१० मध्ये ४० लाखांवर आला. आठव्या वर्षी वाचलेला पैसा कार्यक्रमाच्या खर्चाच्या अडीचपटीहून जास्त होता. पण पहिल्या वर्षी काय झालं पाहा: उपचारांचा खर्च कमी व्हायच्या ऐवजी किंचित वाढला. त्यापुढच्या वर्षीही बचत खर्चाइतकी नव्हती. एखाद्या अधिकाऱ्याने दोन वर्षांनी हिशोब मागून कार्यक्रम बंद केला असता, तर कागदावर त्याचं बरोबरच दिसलं असतं.

पाण्यातल्या फ्लोराइडचीही गोष्ट इथेच सांगायला हवी. १९४५ मध्ये अमेरिकेतल्या ग्रँड रॅपिड्स शहराने पहिल्यांदा पिण्याच्या पाण्यात मोजून फ्लोराइड मिसळलं. दर माणशी खर्च अगदी कमी, आणि कुणाला काही करावं लागत नाही. त्या काळी फायदा मोठा होता. पुढे फ्लोराइडची टूथपेस्ट सगळीकडे पोचली आणि पाण्यातून मिळणारा जादा फायदा आक्रसला. कॉक्रेनच्या २०२४ च्या आढाव्यानुसार १९७५ नंतरच्या अभ्यासांत तो दर मुलामागे दुधाच्या पाव दाताएवढा भरतो. म्हणजे परवडण्याचा निकालही शिळा होतो. आणि जिथे पाण्यात निसर्गतःच लिटरला १.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइड आहे, तिथे ते वाढवायचं नव्हे, काढायचं असतं.

काही खर्च असेही आहेत जे सवयीने होतात. दातांची तक्रार नसलेल्या, नियमित तपासणी करून घेणाऱ्या मोठ्या माणसांचं दर सहा महिन्यांनी स्केलिंग केलं, म्हणजे दातांवर साचलेला कडक थर खरवडून काढला, तर हिरड्यांना तीन वर्षांत काही जादा फायदा होतो का, हे ब्रिटनमध्ये १,८७७ जणांवर तपासलं गेलं. झाला नाही. किडीचा तर त्याच्याशी संबंधच थोडा. आरोग्यसेवेला मार्गदर्शन करणाऱ्या तिथल्या नाइस या संस्थेनुसार मोठ्या माणसाची तपासणी धोक्याप्रमाणे ३ ते २४ महिन्यांनी करावी. सरसकट सहा महिने हा नियम नाही.

जे वहीत येत नाही

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे तोंडाच्या आजारांवर २०१९ मध्ये जगात ३८७ अब्ज डॉलर थेट खर्च झाले, आणि बुडालेल्या कामाचं नुकसान आणखी ३२३ अब्ज. दुसरा आकडा पहिल्याच्या जवळपास आहे. तरीही अनेक अभ्यास फक्त दवाखान्याचं बिल मोजतात. रात्रभर रडणारं मूल, बुडालेली शाळा, कामावरून सुट्टी घेतलेली आई, चार दात काढायला द्यावी लागलेली पूर्ण भूल, यातलं बरंचसं वहीबाहेर राहतं. आरोग्याच्या इतर हिशोबांत 'चांगल्या तब्येतीची किती वर्षं मिळाली' हे माप वापरतात, पण दातदुखी अशा मापात अगदी बारीक दिसते, कारण ती तीव्र असली तरी आयुष्याच्या लांबीपुढे छोटी असते. ज्याने ती एक रात्र काढली आहे त्याला हे पटणार नाही, आणि मला वाटतं त्याचंच बरोबर आहे.

मग जास्त धोक्याच्या मुलांवरच पैसे घालावेत का? गणित तसं सांगतं, पण ती मुलं ओळखायची कशी? कुणाला कीड लागेल हे सांगणारी सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे आधी लागलेली कीड. म्हणजे ओळख पटेपर्यंत उशीर झालेला असतो. एकेका मुलाची चाचणी करून निवड करायची तर त्या निवडीचाच खर्च वाढतो. म्हणून एकेक मूल वेचण्यापेक्षा, जिथे कीड जास्त आहे त्या वस्तीतल्या शाळेतल्या सगळ्या मुलांना उपाय देणं बहुधा स्वस्त पडतं. कीड बहुतेक ठिकाणी गरीब घरांत जास्त साठलेली असते. त्यामुळे इथे न्याय्य वाट आणि काटकसरीची वाट एकच निघते, आणि असं सार्वजनिक खर्चात क्वचितच घडतं.

घरच्या हिशोबातही हीच उतरंड चालते. पहिला पैसा १,००० पीपीएम (दहा लाख भागांत हजार भाग) किंवा अधिक फ्लोराइड असलेल्या पेस्टवर. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, त्यापुढे सहापर्यंत वाटाण्याएवढी. दिवसातून दोनदा घासायचं, त्यातली एक वेळ झोपण्याआधीची. घासून झाल्यावर थुंकायचं, पण खळखळून चूळ भरायची नाही, म्हणजे फ्लोराइड दातांवर राहतं. साखर किती खाल्ली याइतकंच किती वेळा खाल्ली हेही पाहायचं, त्याला तर काहीच पैसे पडत नाहीत. मुलाचा एखादा दात आधीच किडला असेल, भावंडांचे किडले असतील, किंवा नव्या दाढेच्या खाचा खोल असतील, तर व्हार्निश किंवा सीलंटवरचा खर्च वसूल व्हायची शक्यता चांगली. यातलं काहीच नसेल, तर डॉक्टरांना सरळ विचारावं, 'याच्या दातांना धोका किती आहे, आणि हे नाही केलं तर काय होईल?' घरातल्या वयस्कर माणसांकडेही लक्ष असावं. औषधांमुळे लाळ आटली की हिरडीजवळ उघड्या पडलेल्या मुळांना झपाट्याने कीड लागते. तिथे डॉक्टरांनी लिहून दिलेली ५,००० पीपीएमची पेस्ट अनेक फिलिंगं वाचवू शकते.

आणि ती सहाव्या वर्षाची दाढ वर येत असताना, ती टेकेपर्यंतचे वर्ष-सव्वा वर्ष, ब्रश गालाच्या बाजूने आडवा धरून एकट्या तिलाच वेगळं घासून द्यावं. बाराव्या वर्षाच्या सुमारास तिच्या मागची दुसरी दाढ येते. तीही अशीच हळूहळू वर येते, आणि तोवर मूल स्वतःचे दात स्वतः घासायला लागलेलं असतं, त्यामुळे तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.